पाठमोरं घरकुल

आये, मी आता लोकांची घरं मोजते. तुला हे सांगितलं असतं तर तू कपाळाला हात लावून म्हणाली असतीस, "घरं काय मेंढरं हायती व्हय मोजायला?" पण खरंच, मला पगार त्याचाच मिळतो. इंदापूरला पंचायत समितीत मी घरकुलांची इंजिनीअर आहे, कंत्राटावर. सकाळी स्कूटी काढते, पाठीवर सॅक, सॅकमध्ये टेप, पाण्याची बाटली आणि डबा. ज्याचा पाया झाला त्याच्या पायाचा, ज्याच्या भिंती झाल्या त्याच्या भिंतींचा मोबाईलवर फोटो काढते. फोटो जागेसकट वर जातो आणि मग त्या घराचा पुढचा हप्ता सुटतो. म्हणजे कुणाचं घर पुढं सरकणार आणि कुणाचं अडणार, हे बरंचसं माझ्या हातात आहे. लोक मला मॅडम म्हणतात, चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. दिवसाला सात-आठ चहा होतात, आणि साखर कारखान्याच्या पट्ट्यातली माणसं, साखर घालताना हात आखडता घेतील तर शपथ. डॉक्टर मला ओरडतात. मी त्यांना सांगते की हा सरकारी कामाचाच भाग आहे.

तुला जाऊन अठरा वर्षं झाली. तू असताना मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं. आबांनाही जेमतेम सही यायची. बारामतीच्या हॉस्टेलवरून मी पत्र धाडलं असतं, तर ते वाचून घ्यायला आबा कुबडी टेकत शेजारी गेले असते आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं असतं की तुमच्या लेकीच्या मेसमधल्या आमटीत डाळ नसते. म्हणून राहिलं. आता लिहितेय, तर आता वाचायला तू नाहीस. पण गेल्या महिन्यात घरात एक गोष्ट झाली आणि ती तुझ्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडेना. ती सांगते, पण आधी मला सगळं पहिल्यापासून एकदा नीट मांडू दे, कारण लहान असताना मला यातलं निम्मंसुद्धा कळलेलं नव्हतं.

आपण कोकणातून परत येत होतो. जेठाचा महिना, अंगाची लाही होतेय. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली जायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं, हे तुझ्या लग्नाआधीपासून चाललेलं. त्या पायी मी दुसरीत तीनदा बसले होते. भिगवणच्या अलीकडं हायवे ओलांडायचा आहे. घोडीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर मी, तू पुढं, आबा मागं. दरवर्षीसारखं आबा खांद्यावरची घोंगडी काढून रस्त्यात आडवे उभे राहतात, गाड्या थांबवतात. एक गाडी थांबली. तिच्यामागून आलेला टेम्पो थांबला नाही. आवाज मला आठवत नाही. तू घोडीचा कासरा माझ्या हातात दिलास आणि "डोळं मीट" म्हणालीस, एवढं आठवतं. मी मिटले नाहीत. निम्म्याहून जास्त मेंढरं रस्त्यावर पडलेली होती आणि आबा कडेच्या दगडाला टेकून बसले होते, आपल्याच उजव्या गुडघ्याकडं तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघत.

दवाखान्यातून आबा आले ते काठीसारखा ताठ पाय घेऊन. गुडघा कायमचा वाकायचा बंद झाला. घोडी विकली, दवाखान्यासाठी आणखी मेंढरं गेली, मागं अठरा राहिली. आता कोकण कुठलं आणि काय. कळंबच्या शिवारात कालव्याच्या कडंला आपण पाल टाकलं. मालक भला असला तर काही दिवस राहू द्यायचा. मग त्याच्या उसाला पाणी द्यायचं असायचं, नाहीतर तोडणी यायची, नाहीतर मुलाचं लग्न निघायचं. "आजच्या आज हलवा म्हणत न्हाय मी, पर उद्या सकाळच्याला हितं काय दिसाय नगं," असं तो अगदी गोड आवाजात सांगायचा. की निघालं आपलं बिऱ्हाड. चार वर्षांत अकरा ठिकाणी पाल टाकलं, मी एकदा वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं होतं. दर खेपेला शाळेची वाट नव्यानं पाठ करायची. आणि तुझी तर नुसती कुतरओढ. तू खुरपायला गेलीस की मेंढरं दिवसभर वाघरीत, म्हणजे त्या जाळीच्या कोंडवाड्यात, उपाशी. तू मेंढरांमागं गेलीस की रोजगार बुडाला, आपण उपाशी. दिवसाला दहा कोस चालणारे आबा पोत्यावर बसून असायचे. कुणी जाता जाता विचारलं, "काय आबा, काय चाललंय?" तर म्हणायचे, "बसलोय." हळूहळू लोकांनी विचारायचं सोडलं, आणि आबांनी बोलायचं.

मग एक दिवस ग्रामपंचायतीपुढं सभा बसली आणि घरकुलांची यादी वाचली गेली. त्यात तुझं नाव निघालं. आबांचं नाही, तुझं. नाव कुणी घातलं, कसं बसलं, मला आजवर कळलेलं नाही. ज्या कुणी घातलं असेल त्याच्या लेकराबाळांचं भलं होवो. तू बायकांच्या घोळक्यात मागं उभी होतीस, मी तुझ्या पदराला धरून. ग्रामसेवक म्हणाले, "गावठाणाच्या कडंला जागा मिळेल, गायरानाला लागून. एक खोली, स्वयंपाकाची जागा, संडास." सगळ्या बायका तुझ्याकडं वळल्या. तू विचारलंस, "म्हंजी किती दिसांसाठी?" सभेत हशा पिकला. ग्रामसेवकही हसले, "अहो बाई, कायमचं." तू परत विचारलंस, "ते खरं, पर उठा कवा म्हणणार?" तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

जागा मिळाली. तू रोज एकदा तिथं जाऊन नुसती उभी राहून यायचीस. जमिनीवर झाडाची फांदी पडली असेल तर उचलून बाजूला टाकायचीस. गवंडी बारामतीकडचा होता, तोंडात कायम तंबाखू आणि गप्पांचा भारी शौकीन. त्यानं एका सकाळी चुन्याची फक्की मारून घराची आखणी केली, पांढऱ्या रेघांत दाराची जागा रस्त्याच्या बाजूला सोडली आणि जेवायला गेला. परत येऊन बघतो तर तू पायानं रेघ पुसलेली आणि उरलेल्या फक्कीनं दार उलट्या बाजूला, गायरानाकडं काढलेलं. "वहिनी, हे काय केलंत?" तो ओरडला. तू म्हणालीस, "आमच्यात दार मेंढरांकडंच असतंय." हे खोटं नव्हतं. पाल कुठंही टाका, त्याचं तोंड वाघरीकडंच असायचं. त्यावर कधी चर्चा झालेली मी ऐकली नाही. पण पाल निराळं आणि सरकारी घर निराळं, हे मला सहावीतल्या पोरीला कळत होतं आणि तुला कळत नव्हतं, याची मला अशी काही लाज वाटली की मी तिथून निघूनच गेले.

पाया आणि जोतं बांधून झालं. विटा तू वाहिल्यास, पाणी मी मारलं. मग तालुक्याहून साहेब माप घ्यायला मोटारसायकलवर आले. उंच, किडकिडीत, सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. त्यांनी जोत्याला एक फेरी मारली आणि थांबले.

"हे काय? दार मागं?"

"मागं न्हाय सायब. दार म्होरंच हाय, रस्ता मागं हाय."

गवंडी फिस्सकन हसला. साहेबांना हसू आलं नाही. "अहो, नकाशात दार रस्त्याला आहे. सगळ्या रांगेची दारं रस्त्याला आहेत. तुमचं एकटीचं पाठमोरं घर मी कसं पास करू? उद्या वरून कुणी आलं तर मलाच विचारतील."

"त्यास्नी मी सांगीन."

"काय सांगाल?"

"आमच्यात दार मेंढरांकडंच असतंय."

साहेबांनी डोळे मिटून एक श्वास घेतला. "बाई, हिंडायचं संपलं ना आता? मग जरा माणसात राहायला शिका." आबा पलीकडं पोत्यावर बसले होते, त्यांनी मान खाली घातली. साहेबांनी मापाचं पुस्तक मिटलं, दार फिरवल्यावर कळवा म्हणाले आणि गेले. त्या दिवसापासून गावात तुझं नाव पडलं. डेअरीवर, पिठाच्या गिरणीत, जिथं जावं तिथं हेच. येड्या बाईला घर मिळालं आणि तिनं ते मेंढरांना दिलं. माझ्या वर्गातल्या पोरी मला बघून बें बें करायच्या.

दीड महिना जोतं तसंच पडून राहिलं. त्यावर गवत उगवलं. आणि त्याच सुमाराला पालाच्या जागेचा मालक आला आणि म्हणाला की आठ दिवसांत जागा मोकळी पाहिजे, बोअर मारायची आहे. बारावं पाल. त्या संध्याकाळी तू भाकऱ्या थापत होतीस आणि मी तुझ्यावर तोंड सोडलं. "एक दार फिरवाय काय जातंय तुझं? आपलं घर जाईल की हातचं! मला न्हाय परत पालात ऱ्हायचं!" तू भाकरी उलटलीस. म्हणालीस, "मीठ दे हिकडं." बस्स. तुझ्या त्या गप्प बसण्याचा मला इतका राग आला, आये, की आता लिहितानाही कानशिलं तापतात. दुसऱ्या दिवशी मी वहीचं मधलं पान फाडलं. गुरुजींनी त्याच महिन्यात अर्ज कसा लिहायचा ते शिकवलं होतं. मी लिहिलं, "महोदय, माझी चूक झाली. दार रस्त्याच्या बाजूस करण्यास मी तयार आहे. तरी कृपा करून घर मंजूर व्हावे." खाली तुझं नाव घातलं आणि तव्याच्या बुडाची काजळी पाण्यात कालवून माझाच अंगठा उठवला. शाळा सुटल्यावर कागद ग्रामसेवकांच्या टेबलावर ठेवला आणि पळत सुटले.

चारच दिवसांत साहेब गवंड्याला घेऊन हजर. या वेळी हसतमुख. तू घमेल्यातून वाळू नेत होतीस, ती खाली ठेवलीस. "बरं केलंत बाई, शहाणपण सुचलं," म्हणत त्यांनी खिशातून कागद काढला. तू म्हणालीस, "वाचा बरं काय लिवलंय." त्यांनी मोठ्यानं वाचला. वाचून होईपर्यंत तू त्या कागदाकडं बघत होतीस, मग माझ्या हाताकडं. मी हात मागं नेला. चार दिवसांनीही नखात काळं होतं. आता ही सगळ्यांदेखत मला फोडून काढणार, आणि साहेब वर बोंब मारणार की ही माणसं खोटे अर्ज करतात, आणि घर गेलंच. तू पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "व्हय, म्याच दिलाय."

"मग फिरवा दार."

"दिला हुता. आता मन फिरलं."

साहेब भडकले. "बाई, हा पोरखेळ लावलाय का तुम्ही? मी दुसऱ्या कुणाला देतो हे घर!" आणि तेव्हा किती महिन्यांनी आबांचा आवाज चढला. "अगं फिरव की ते दार! कशाला हट्टाला पेटलीयास?" तू आबांकडं बघितलंससुद्धा नाही. साहेबांना म्हणालीस, "सायब, जरा हिकडं या." आणि बाभळीखाली त्यांची मोटारसायकल लावलेली होती तिथवर त्यांना घेऊन गेलीस. मला काही ऐकू आलं नाही. तू आमच्याकडं पाठ करून उभी होतीस. फार बोलली नाहीस, चार-पाच वाक्यं असतील. साहेबांनी एकदा मान वर करून आबांकडं पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. परत आले ते टेप काढतच. गवंड्याला म्हणाले, "दार राहू दे तिकडंच." पुस्तकात माप लिहिलं, गाडीला किक मारली आणि गेले. गवंड्यानं अख्ख्या गावाला सांगितलं की बाईनं साहेबाला लाच म्हणून एडका कबूल केला. मीसुद्धा कितीतरी वर्षं तेच धरून चालले होते.

त्या दिवशी घरी, म्हणजे पालात, आल्यावर तू मला बोलावलंस. "हात दाखव." राखेनं माझा अंगठा इतका घासलास की साल निघायची बाकी राहिली. "तुला साळंत घातली ती माज्या नावानं खोटं लिवायला न्हाय. परत असं केलंस तर दप्तर चुलीत घालीन." मी मुसमुसत होते. तू पाण्यानं माझा हात धुतलास, पदरानं पुसलास, आणि जरा वेळानं दुसरीकडंच बघत म्हणालीस, "अक्षर चांगलं हाय म्हणत हुता सायब." मी त्या रात्री पोटभर जेवले.

घर झालं. मालकाची बोअर लांबली होती, म्हणून बारावं पाल टाकायची वेळच आली नाही. आपल्या रांगेत सगळ्यांची तोंडं रस्त्याला आणि आपल्या घराची पाठ. पोस्टमन पहिल्यांदा आला तेव्हा घराभोवती दोन चकरा मारून हाका मारायला लागला. योजनेची पाटी साहेबांनी मागच्या भिंतीवर रंगवून घेतली, रस्त्यावरून दिसावी म्हणून. तरी पोस्टमन आला, हे काय थोडं होतं? आपल्याला पत्ता होता. रेशनकार्डावर घर नंबर चढला, शाळेच्या हजेरीत माझ्या नावापुढं 'कालव्याच्या कडेला' असं लिहिलेलं खोडलं गेलं. आबांच्या पायाला तेल-मालिश करायला बाई घरी यायला लागली, कारण घरी यायला आता घर होतं. पण तुझा मात्र भरवसा बसेना. गवंड्यानं स्वयंपाकाच्या जागेत शहाबादी फरशीची मांडणी करून दिली होती, तीन कप्प्यांची. ती तू रिकामी ठेवलीस. भांडी, पीठ, मिरची, आपले कपडे, सगळं गाठोड्यांत, गाठोडी दारापाशी. पाहिजे ते गाठोडं सोडायचं, काढायचं, परत करकचून बांधायचं. मी विचारलं तर म्हणायचीस, "असू दे बाई, उठायच्या वेळंला धांदल नगं." आठ-नऊ महिने आपण आपल्याच घरात असे पाहुण्यासारखे राहिलो.

आणि मग तो मंगळवार. शाळेतून आले तर तू जमिनीवर फतकल मारून बसलेली, सगळी गाठोडी सोडलेली, आणि मांडणीवर भांडी लागलेली. पितळी वर, जर्मनची मधे, मिठाचं गाडगं खाली. गाठोड्यांची फडकी धुऊन वाळत घातलेली. मी दारात उभी राहिले. तू माझ्याकडं बघून हसलीस आणि म्हणालीस, "लाव गं, तुजी पुस्तकं बी लाव. ह्यो कप्पा तुला." आये, मला पुढं डिप्लोमाला पहिला वर्ग मिळाला, ही नोकरी लागली, पण कशानंही मला तसं झालं नाही जसं त्या फरशीवर पाच पुस्तकं उभी केली तेव्हा झालं. त्याच आठवड्यात तू दारापुढं शेवगा लावलास. जन्मात पहिल्यांदा तू झाड लावत होतीस. शेंगा खायला आपण हितंच असणार, हे तुला पटलं होतं.

आबा दारात बसायला लागले. गवंड्यानं उरलेल्या चिऱ्यांचा तिथं कट्टा केला होता. दारातून सगळं गायरान दिसायचं. सकाळी तू वाघर उघडून खुरपायला जायचीस, आणि आबा तिथं बसून अठरा मेंढरं राखायचे. कुत्र्याला शीळ घालायचे, मेंढरू उसाकडं वळलं की अशी हाळी द्यायचे की मेंढराबरोबर रस्त्यावरचा सायकलवालाही थांबायचा. अठराची तीस झाली, तिसाची साठ. घरात तुझा रोजगार आणि त्यांची मेंढरं असं दोन बाजूंनी यायला लागलं. आणि कुणी विचारलं, "काय आबा, काय चाललंय?" तर म्हणायचे, "मेंढरं राखतोय, दिसत न्हाय व्हय?" मी हे रोज बघत होते आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी आपली मैत्रिणींना सांगायची, आमची आई जुन्या वळणाची आहे हो, दारावरून साहेबाशी भांडली.

तू गेलीस तेव्हा मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. तेराव्याचे पाहुणे गेल्यावर आबा त्यांच्या जागी बसले आणि मी उंबऱ्यात. मग आबा म्हणाले, "ह्ये दार तुज्या आईनं माज्यासाठी ठिवलं. तिला वाटायचं, मला कळलं न्हाय." मी त्यांच्याकडं वळून बसले. ते म्हणाले, "सायब शेवटच्या मापाला आला तवा माज्या खांद्यावर हात ठिवून म्हणाला, बसा निवांत, हितनं सगळं दिसतंय तुमाला. तवा उमगलं, बाभळीखाली ती काय बोलली असंल." मी विचारलं, "मग तिला कधी बोलला का नाहीत?" आबा म्हणाले, "कशाला? तिनं चारचौघांत येडी म्हणवून घेतलं, पर माजा नवरा लुळा हाय म्हणून दार फिरवलं असं म्हणाली न्हाय. मी बोललो असतो तर तिनं झाकलेलं उघडं पडलं असतं." आणि ते रडायला लागले. मीही. दोघं एका दारात बसून रडलो, आणि मला तुझा इतका अभिमान वाटला, आये, आणि स्वतःची इतकी चीड आली, की काय सांगू.

गेल्या पावसाळ्यानंतर भिगवणकडच्या एका वस्तीवर गेले होते. मासेमारी करणारं कुटुंब, घर छान बांधलेलं, पण दाराला उंबराच नाही. नुसती सपाट जमीन. गवंडी हसत होता, शेजारी म्हणत होते की बिनउंबऱ्याचं घर अशुभ. माझ्याही तोंडावर आलं होतं, "अहो, उंबरा बसवून घ्या आधी." पण मी तुझ्या पोटची. मी त्या बाईला विचारलं, "असं का केलंत?" तिनं आत बघितलं, मला हाताला धरून घराच्या कोपऱ्याशी नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, सासूबाई सरपटत येत्यात भाईर. उंबऱ्याला अडकत्यात. त्यास्नी म्हणू नगा, मनाला लावून घेतील." मी फोटो काढला आणि पुढं सरकवला. स्कूटीवर बसल्यावर मात्र मला काही दिसेना, बाजूला थांबावं लागलं. माझ्या कामात मी बायकांना 'का' विचारते म्हणून सोबतचे लोक मला हसतात, वेळ जातो म्हणतात. जाऊ दे वेळ. ही सवय तुझी देणगी आहे, आणि त्या किडकिडीत साहेबांचीही. पुस्तक मिटून निघून गेलेला माणूस बाभळीखाली पाच वाक्यं ऐकून परत फिरला. त्यांनी आपलं ऐकलं नसतं तर बारावं पाल, मग तेरावं, आणि मी सातवीत तीनदा बसले असते. कुठं असतील ते, त्यांना सुख लागो.

आता ती गोष्ट. आबांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्याआधीच मेंढरं गेली, त्यांच्यानं हाळी देववेना तेव्हा आम्ही विकली. मी, जावई आणि तुझी नात असे आपल्या घरातच राहतो. जावई रोज बारामतीला एमआयडीसीत जातो-येतो आणि गावातले त्याला घरजावई म्हणून चिडवतात. तो म्हणतो, "घरजावई नव्हे, घरकुलजावई." गुणी माणूस आहे. तर दोन वर्षांपूर्वी आपल्यापुढच्या गायरानात नवीन घरकुलांची रांग झाली. सहा कुटुंबं, सगळी पालातून आलेली. त्यांची मापं मीच घेतली, फोटो मीच काढले. त्यांची दारं पलीकडच्या गल्लीला आणि पाठी आपल्याकडं. म्हणजे तुझ्या दारातून आता दोन हातांवर विटांची भिंत दिसते. भरदुपारी घरात दिवा लावावा लागायचा. जावई म्हणायचा, "अगं, रस्त्याच्या बाजूला दार काढू." मी फणकारायची, "आमच्यात दार मेंढरांकडंच असतं." तो म्हणायचा, "मेंढरं कुठायत?" मी दोन वर्षं त्याला असंच परतवलं.

पण तुझं दार तिथं बसणाऱ्यासाठी होतं, आणि आता तिथं बसायला आबा नव्हते, म्हणून गेल्या महिन्यात रस्त्याची भिंत फोडली. तुझं दार तसंच आहे, त्याला हात लावलेला नाही, पण आता वहिवाट नव्या दारानं. भिंत फोडताना मी घरात थांबलेच नाही, कामाचं निमित्त काढून पार इंदापूर गाठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा त्या दारातून बाहेर आले तर रस्त्यानं एक म्हातारी चालली होती, शेजारच्या गावाहून बाजाराला येणारी. ती थबकली, तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अगं बया! हितं घर हाय व्हय? इतकी वर्सं आमाला आपलं वाटायचं सोसायटीचं गोडाऊन हाय!" आणि आये, मला हसू फुटलं. तुझ्यावरच हसले मी, पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. नवं दार काढलं म्हणून तुझी माफी मागायला आज हा कागद घेतला होता. तो कुठल्या पत्त्यावर टाकणार, म्हणजे राहणार इथंच. पण माफी काही मागवत नाही. नव्या दारात बसून लिहितेय, उजेड चांगला आहे, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतेय, आणि खरं सांगते, मला बरं वाटतंय.